परक्या नावाची खोली

(डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीनिमित्त मेलबर्न येथे झालेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



 संयोजकांनी आम्हाला विषय दिला आहे तो 'मनाचे आरोग्य आणि आपले दैनंदिन जीवन' हा. विषय ऐकताच सभागृहातील काही मंडळींच्या मनात आले असेल की, हे वेड्यांच्या डॉक्टरांचे काम. आपला त्याच्याशी काय संबंध? आमच्या स्वतःच्या घरीसुद्धा हाच समज होता. आम्ही मानसशास्त्राचा अभ्यास करतो असे गावी कळले, तेव्हा एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी अत्यंत काळजीने विचारले होते, "म्हणजे ठाण्याला की येरवड्याला?" त्यांच्या दृष्टीने मनाचा आजार म्हणजे त्या दोन इस्पितळांच्या भिंती. भिंतीच्या आत तो वेडा, बाहेर तो शहाणा.

गेली अनेक वर्षे आम्ही या देशात समुपदेशनाचा व्यवसाय करीत आहोत. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना इस्पितळाची गरज असते. बहुतेक जण तुमच्याआमच्यासारखेच असतात. सकाळी कामावर जातात, मुलांना पोहण्याच्या वर्गाला नेतात, घराचा हप्ता भरतात आणि रात्री जागे राहतात.

प्रथम भाषेविषयी थोडे सांगावेसे वाटते, कारण तेथेच आपली माणसे अडतात. येथील डॉक्टर विचारतात, "तुमचा मूड कसा आहे?" आपला माणूस गोंधळतो. गावाकडे त्याला हा प्रश्न कधी कोणी विचारलेला नसतो. आपल्या आईने कधी म्हटले का, की मला नैराश्य आले आहे? ती म्हणते, "डोकं जड झालंय." "जीव घाबरा होतोय." "अन्नाला चव लागेना." "छातीत धडधडतंय." ही सारी मनाचीच भाषा आहे, पण ती शरीराच्या तोंडून बोलते. डॉक्टर छातीचा आलेख काढतात, रक्त तपासतात, सर्व ठीक आहे असे सांगतात आणि माणूस धडधड घेऊन घरी परततो. म्हणून आम्ही आमच्या मंडळींना सांगतो, डॉक्टरांपुढे आईच्याच भाषेत बोला, पण त्याला दोन वाक्ये जोडा : हे केव्हापासून होते, आणि त्या सुमारास आयुष्यात काय घडले होते.

जाता जाता एक गंमत सांगतो. पालीमध्ये 'वेदना' या शब्दाचा अर्थ केवळ दुःख असा नाही. सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली अशा तीन प्रकारच्या वेदना तेथे सांगितल्या आहेत. जे जे जाणवते ते सारे वेदना. मराठीत येईपर्यंत त्या शब्दात फक्त कळ उरली. आमच्या खोलीत येणारी माणसेही पुष्कळदा अशीच असतात. त्यांना आपले दुःख तेवढे जाणवते, आणि सुखद असे काही दिवसभरात घडले काय, असे विचारले तर बराच वेळ गप्प बसतात.

आता मुख्य विषयाकडे वळतो.

नऊ वर्षांची एक मुलगी आमच्याकडे आणण्यात आली. (येथे आणि पुढे सांगतो त्या हकिगतींत ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) दर शनिवारी दुपारी तिच्या पोटात दुखू लागे. सर्व तपासण्या झाल्या होत्या. आईवडील दोघे अभियंते, घर मोठे, मुलगी शाळेत हुशार. दोन-तीन भेटींनंतर चित्रे काढता काढता ती म्हणाली, "पाहुणे येणार असले की बाबा तो फोटो बेडरूममध्ये नेतात." कोणता फोटो हे आपणास सांगावयास नको. शनिवारी इतर मराठी कुटुंबे जेवायला येत असत, आणि ती येण्यापूर्वी बाबासाहेबांची तसबीर दिवाणखान्यातून उचलली जाई. मुलीने विचारले होते, "ते कोण आहेत? आपण त्यांना का लपवतो?" वडिलांनी उत्तर दिले होते, "तू मोठी झालीस की सांगू." तेव्हापासून तिचे पोट दुखत होते.

हे वडील भित्रे होते असे आम्ही म्हणणार नाही. या देशात आल्यावर पहिल्याच वर्षी एका समारंभात त्यांना कोणीतरी गोड आवाजात विचारले होते, "आडनावावरून लक्षात येत नाही. मूळचे तुम्ही कुठले?" गाव सांगितल्यावर, "गावात कुठल्या भागात?" आपणापैकी किती जणांना हा प्रश्न विचारला गेला असेल, त्यांनी हात वर करावेत असे आम्ही म्हणत नाही. पुढच्या समारंभाचे निमंत्रण त्यांना आले नाही. प्रत्यक्ष कोणी काही बोलले नाही. ज्याचे बोट दाखविता येत नाही अशी ही जखम असते, आणि म्हणून माणूस स्वतःलाच विचारीत राहतो की, असे खरेच घडले की माझ्याच मनाचा खेळ आहे? आम्ही शिकत असताना आमच्या इंग्रजी पुस्तकांत जातीविषयी एक ओळही नव्हती. आमच्या कामावर देखरेख करणाऱ्या एका ज्येष्ठ बाईंनी अगदी प्रामाणिकपणे विचारले होते, "पण जातीचा आणि पोटदुखीचा संबंध काय?" तो संबंध समजावून सांगायला आम्हाला एक पूर्ण तास लागला.

ज्यांना तो संबंध समजून घ्यावयाचा आहे त्यांनी बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटेसे आत्मकथन वाचावे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. त्यात बडोद्याची हकिगत आहे. १९१७ साल. अमेरिका आणि इंग्लंड येथे शिकून आलेला हा तरुण बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी आला आणि त्याला उतरायला जागा मिळेना. एका पारशी सराईचा रखवालदार तयार झाला, तो रोजच्या दीड रुपयासाठी आणि एका अटीवर : नोंदवहीत पारशी नाव लिहावयाचे. बाबासाहेबांनी परके नाव घेतले. वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली, तिला लागून अडगळीने भरलेले मोठे दालन, रात्री एक मिणमिणता कंदील, आणि वटवाघळांची फडफड. बोलायला कोणी नाही. माणसांची सोबत नाही म्हणून त्यांनी पुस्तकांची सोबत धरली आणि वाचीत राहिले. पण वटवाघळे मध्येच उडत आणि आपण कोठे आहोत याची आठवण करून देत. मुंबईहून त्यांचा भाचा राहिलेले सामान घेऊन आला. मामाची ती दशा पाहून तो इतका रडू लागला की त्याला लगेच परत पाठवावे लागले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले.

बाबासाहेब पुढे लिहितात ते आमच्या व्यवसायातील प्रत्येकाने पुनःपुन्हा वाचावे असे आहे. अठरा वर्षे लोटली तरी ते दृश्य पुसले गेले नाही, आणि ते आठवले की डोळ्यांत पाणी आल्यावाचून राहत नाही, असे ते सांगतात. हे कोण सांगत आहे? महाडचा आणि काळारामाचा सत्याग्रह करून, गोलमेज परिषदेत आपल्या समाजाची बाजू मांडून आलेला पुरुष सांगत आहे. त्याला आपले अश्रू लिहिताना संकोच वाटला नाही.

त्या दिवशी दोन मित्रांनीही घरात घेण्याचे टाळल्यावर, मुंबईच्या गाडीला अवकाश होता म्हणून ते सुमारे पाच तास कामाठी बागेत बसून राहिले. काही वेळ मन रिकामे, काही वेळ खिन्न; आणि एकाकी पडलेल्या मुलाला आठवावेत तसे आईवडील आठवत होते. आज त्या जागेस आपण संकल्पभूमी म्हणतो. दर वर्षी २३ सप्टेंबरला तेथे लोक जमतात, आणि ते योग्यच आहे. परंतु आपण संकल्प तेवढा लक्षात ठेवला आणि ते पाच तास विसरलो, असे आम्हाला वाटते.

हे आम्ही एवढ्या आग्रहाने का सांगतो? कारण बाबासाहेबांच्याच नावाने आपण आपल्या मुलांची तोंडे बंद करतो. येथे शिकायला आलेला विदर्भातील एक विद्यार्थी एका सत्रात नापास झाला. आठ महिने त्याने घरी सांगितले नाही. दिवसा खोलीत झोपायचा, रात्री गोदामात खोकी उचलायचा, आणि रविवारी आईला फोनवर सांगायचा की अभ्यास उत्तम चालला आहे. कर्ज शेतीवर काढलेले. वस्तीतला परदेशी गेलेला तो पहिलाच. निघताना विहारात त्याचा सत्कार झाला होता. एकदा त्याने धीर करून म्हटले, "आई, मला इथं बरं वाटत नाही." आई म्हणाली, "बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे. तुला काय धाड भरली?" माउलीच्या मनात वाईट काही नव्हते. आपल्याजवळ असलेले सर्वांत मोठे औषध तिने दिले. परंतु त्या रात्री तो मुलगा रेल्वे स्थानकाच्या फलाटावर पिवळ्या रेषेच्या पलीकडे बराच वेळ उभा होता. एका सफाई कामगाराने त्याला हाक मारली, शेजारी बसविले आणि लाइफलाइनचा क्रमांक लावून फोन त्याच्या हातात दिला. म्हणून आम्ही त्याची हकिगत सांगू शकतो. तो आता शिक्षण सोडून सुतारकामाची उमेदवारी करीत आहे. आई अद्याप थोडी नाराज आहे.

आपल्या आईवडिलांना कोणी सांगितलेच नाही की १९२६ साली राजरत्न हा लाडका मुलगा गेला तेव्हा बाबासाहेब मोडून पडले होते. त्यांनी आणि माता रमाईंनी चार अपत्ये गमावली. स्नेही दत्तोबा पवार यांना त्यांनी जे पत्र लिहिले त्यात हे दुःख आपण सावरले आहे असा आव त्यांनी आणलेला नाही. जगण्यातील रस गेला आहे असेच त्याचे सार आहे. हे पत्र मुलांना वाचून दाखवावे. अठरा तासांचा अभ्यास सांगू नये असे नाही; पण त्याबरोबर हेही सांगावे.

तसबिरीची हकिगत अर्धी राहिली. "आपण कोण आहोत हे सर्वांना सांगा" असा आदेश आम्ही कोणालाही देत नाही. नोकरी, भाड्याचे घर, व्हिसा, ज्याचे त्याला ठाऊक. डोक्यावर छप्पर नव्हते म्हणून बाबासाहेबांनीही नाव बदलले होते. आम्ही एवढेच सांगतो की, परक्या नावाच्या खोलीचे भाडे दीड रुपयावर भागत नाही, ते किती होते हे आपण मोजावे. आणि लहान मुलांना त्या खोलीत ठेवताना त्यांना कारण सांगावे. मूल कारण नसलेले गुपित शरीरात ठेवते. त्या वडिलांनी अखेर एका रात्री मुलीला मांडीवर घेऊन बडोद्याचीच गोष्ट सांगितली. पुढे काही आठवड्यांनी तसबीर दिवाणखान्यात आली, ती तेथेच राहिली. एका कुटुंबाचे येणे थांबले. दुसऱ्या एका घरची बाई स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "आमच्याकडेही आहे. कपाटात." पोटदुखी मात्र लगेच गेली नाही, दोन-तीन महिने रेंगाळली.

आता दुसऱ्या एका गोष्टीकडे येतो, जी या सभागृहातील बहुतेकांनी अनुभवली असेल. ती म्हणजे रात्रीचा फोन. हिवाळ्यात आपण भारताच्या साडेचार तास पुढे असतो आणि उन्हाळ्यात घड्याळ सरकले की साडेपाच. नागपुरात रात्रीचे नऊ वाजले, जेवणे झाली, आता पोराला फोन करावा असे आईला वाटते, तेव्हा येथे दीड वाजलेला असतो. अंधारात फोन वाजला की पहिला विचार एकच येतो.

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत तो फोन किती घरांत वाजला! आदल्या वर्षीच्या मार्चपासून या देशाने सीमा बंद केल्या होत्या; नागरिकांना बाहेर जाण्यासही परवानगी लागे. त्यात ३ मे २०२१ पासून, भारतात चौदा दिवसांच्या आत राहून आलेला मनुष्य, तो ऑस्ट्रेलियाचा नागरिक असला तरीही, येथे उतरला तर ६६,६०० डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद, असा हुकूम निघाला. १५ मे रोजी तो संपला. बारा दिवसांचाच हुकूम. पण ज्यांची माणसे त्या बारा दिवसांत गेली त्यांना त्याचा हिशेब आजही लागत नाही.

आमच्याकडे येणारे एक गृहस्थ त्या दिवसांत वडिलांना मुकले. वडील रेल्वेत गँगमन होते. यांनी त्यांचे अंत्यसंस्कार फोनच्या पडद्यावर पाहिले, मधूनमधून चित्र थांबत होते. जलदान विधीलाही जाता आले नाही. पुढे सीमा उघडल्या, ते गावी जाऊन आले, भिंतीवरच्या फोटोला हार घातला. तरी रोज रात्री दीड वाजता त्यांना जाग येते. औषधाने झोप लागे, जागही येई. आम्ही त्यांना विचारले, "वडिलांविषयी येथे कोणाला ठाऊक आहे?" ते म्हणाले, "कोणालाच नाही. रजासुद्धा घेतली नाही. कारण सांगावे लागले असते."

आमच्या पुस्तकांत दुःख हलके करण्याचे अनेक उपाय आहेत. पण या ठिकाणी आम्हाला पुस्तकापेक्षा वस्ती आठवली. वस्तीत चूल पेटली नाही तर शेजारीण येऊन विचारते. येथे गॅरेजचे दार कळ दाबून उघडते, गाडी आत जाते, दार बंद होते. शेजाऱ्याला आपला चेहराही दिसत नाही. मग त्या गृहस्थांच्या घरी पाच कुटुंबे जमली. त्रिसरण-पंचशील झाले, पुण्यानुमोदन झाले, आणि त्यानंतर त्यांना वडिलांविषयी बोलावयास सांगितले. उन्हात रुळांची खडी उचलणाऱ्या हातांविषयी ते दोन तास बोलले. मुले जमिनीवर बसून ऐकत होती. आजोबा काय काम करीत हे त्यांनी प्रथमच ऐकले. जाग अजून येते. परंतु आता ते उठून पाणी पितात आणि पुन्हा झोपतात.

अंगुत्तर निकायात नकुलमातेची एक सुंदर कथा आहे. नकुलपिता अत्यंत आजारी, मरणाच्या काठावर. पत्नीने ओळखले की तापापेक्षा काळजी त्याला अधिक जाळते आहे. "काळजी करू नका" असे ती म्हणाली नाही, हे लक्षात घ्यावे. तिने एकेक काळजी नाव घेऊन पुढे ठेवली. मुलांचे कसे होईल असे तुम्हाला वाटत असेल, तर मला सूत कातता येते, लोकर पिंजता येते, मी घर चालवीन. मी दुसरे घर करीन असे वाटत असेल, तर तसे होणार नाही. मी धम्माच्या वाटेवरून ढळेन असे वाटत असेल, तर तेही होणार नाही. नकुलपिता बरा झाला आणि काठी टेकीत तथागतांकडे गेला, तेव्हा अशी सल्ला देणारी पत्नी लाभली हे तुझे भाग्य, असे तथागत त्याला म्हणाले. आमच्या मते समुपदेशनाचा हा उत्तम धडा आहे. आपल्या घरांत नवरा-बायको मुलांची शाळा, बिले आणि किराणा यांविषयी बोलतात. मनातल्या काळजीचे नाव घेऊन बोलणे राहून जाते.

काही व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. ज्यांच्याजवळ मेडिकेअर आहे त्यांनी आपल्या नेहमीच्या जीपीकडे लांब मुदतीची वेळ मागून घ्यावी आणि 'मेंटल हेल्थ ट्रीटमेंट प्लॅन' करून घ्यावा. त्यावर एका वर्षात मानसशास्त्रज्ञाच्या दहा भेटींपर्यंत शुल्काचा काही भाग परत मिळतो. ही सोय २००६ पासून आहे, तरी आपल्यातील अनेकांना ठाऊक नाही. विद्यार्थ्यांना मेडिकेअर नसते, त्यांनी आपला आरोग्य विमा पाहावा आणि विद्यापीठातील समुपदेशकाकडे जावे. दुभाषा हवा असल्यास १३१ ४५० या क्रमांकावर शासनाची दुभाषी सेवा आहे. आधी सांगून ठेवलेले बरे. समुपदेशकाशी झालेले बोलणे गुप्त राहते. कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा न्यायालयाने मागितले तर गोष्ट वेगळी. मध्यरात्री असह्य झाले तर लाइफलाइन, १३ ११ १४. सिडनीत १९६३ साली सुरू झालेली ही सेवा आजही दिवसरात्र चालते. जिवावर बेतले असेल तर ००० फिरवावा.

विपश्यनेविषयी नेहमी विचारले जाते. ब्लॅकहीथ येथील धम्मभूमी केंद्रात आम्ही स्वतः बसलो आहोत आणि त्याचा लाभ झाला आहे. परंतु ज्याचे मन आजाराने खचले आहे, ज्याची औषधे चालू आहेत, त्याने ती आपल्या मनाने बंद करून दहा दिवसांच्या मौनात जाऊन बसू नये. डॉक्टरांना विचारावे, शिबिराच्या अर्जात खरे लिहावे. ज्या तथागतांनी आजारी भिक्षूला स्वतःच्या हातांनी धुतले-पुसले, त्यांचा धम्म औषधाच्या आड येणार नाही.

आणि सहा-सहा महिन्यांसाठी नातवंडे सांभाळायला आलेल्या आज्यांविषयी दोन शब्द. त्या मागच्या रांगेत बसल्या आहेत. टारनीटमध्ये किंवा पॉइंट कुकमध्ये दिवसभर खिडकीशी बसून त्या रस्ता पाहतात आणि रस्त्यावर कोणी दिसत नाही. गावी त्यांना रोज संध्याकाळी विहारात जायची सवय. त्यांना गाडीत घालून एकमेकींच्या घरी नेऊन सोडणे एवढेच काम आहे. पुढचे त्या बघतात.

बडोद्याच्या त्या संध्याकाळी आठ वाजता बाबासाहेब बागेतून उठले, गाडी करून सराईवर आले आणि त्यांनी सामान खाली आणले. रखवालदार बाहेर आला. आपल्यामुळे या माणसावर हा प्रसंग ओढवला असे त्याला वाटत होते. दोघांनाही एक शब्द बोलता आला नाही. बाबासाहेबांनी पैसे दिले, त्याने मुकाट्याने घेतले, आणि ते निघाले. कोणी काही बोलले असते तर काय बोलले असते, हा विचार आमच्या मनात अनेकदा येतो.

चहा तयार झाल्याची खूण मागून होत आहे. ज्यांना सर्वांसमोर विचारायचे नाही त्यांच्यासाठी आम्ही डावीकडच्या लहान खोलीत सायंकाळपर्यंत बसलो आहोत. तेथे नोंदवही नाही आणि नाव सांगावे लागत नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!